अकरा मिलिग्राम

कुमे, तुझ्या बोटांवरचे काळे डाग निघाले नाहीत. तुला न्हाऊ घालताना तुझ्या काकीने लिंबाची फोड घेऊन घासले, मग शिकेकाई लावली, आणि शेवटी नखाने खरवडायला लागली तेव्हा मी ओरडले, "अहो, सोडा तिचा हात! निघत नसतात ते. सिल्व्हर नायट्रेटचे आहेत." सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मेल्या घरात ही काय भाषा बोलते, अशा नजरेने. मी उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसले. ते डाग आपोआप जायला आठ-दहा दिवस लागतात, आणि तेवढे दिवस आता तुझ्याकडे नव्हते, हे त्यांना काय सांगणार?

आज बावीस दिवस झाले. सरांनी कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी तुझ्यावर दोन पानं लिहायला सांगितली आहेत. "शालिनी, तुझ्याएवढं तिला कोण ओळखत होतं? तूच लिही. तिचा फोटो घालू, आणि तिने काढलेला शिशाचा अणुभार खाली ठळक छापू. दोनशे सात पूर्णांक एकवीस. पोरीच्या नावावर एवढं तरी राहील."

कुमे, त्या आकड्यासाठीच मी लिहायला बसलेय. तो आकडा तुझा नाही. माझा आहे. मी तो तुझ्या वहीत खोटा लिहिला आणि तू मरेपर्यंत तुला सांगितलं नाही. आता तो तुझ्या फोटोखाली छापून आला तर मी काय करू? कुठल्या विहिरीत उडी घेऊ?

थांब. रीतीने सांगते. तुला सगळं रीतीने लागायचं.

इंटरपासून आपण एका बाकावर. तू पार्ल्याची, मी बोरिवलीची. मला सदा घाई, तुला सदा सवड. मी ब्युरेट दोनदा विसळायची, तू सात वेळा. "अगं, ब्युरेट आहे ती, बाळंतीण नव्हे," असं मी म्हटलं की तू वर न बघता म्हणायचीस, "तुझं तू बघ गं शाले." आणि माझं मी काय बघायची? उत्तर. आधी उत्तर बघायची. मॅग्नेशियमचा अणुभार काढायचा असला की पुस्तकातला आकडा कागदाच्या कोपऱ्यात लिहायचा, तिथून मागे मागे येत हायड्रोजन किती निघायला हवा ते काढायचं, आणि बरोब्बर तेवढाच निघाला असं वहीत मांडायचं. सगळी लॅब हेच करायची. उलटं गणित म्हणायचो आपण त्याला. वर्गात उलटं गणित न करणारी तू एकटी, म्हणून प्रॅक्टिकलला तुला कायम माझ्यापेक्षा चार मार्क कमी. मी चिडवायची तुला, "हरिश्चंद्राची नात." तू हसायचीस, आणि पुढच्या वेळी पुन्हा चार मार्क कमी घ्यायचीस.

पण समज तुला होती. मला नुसतं पाठांतर. ती दिवाळी आठवते? तुझ्या अण्णांनी तुझं पुस्तक हातात घेतलं आणि म्हणाले, "क्लोरीन, साडेपस्तीस. हा अर्धा कुठून आणलात तुम्ही? अणू फोडलात की काय?" जन्मभर पोस्टात काम केलेला माणूस, अर्धवट काही दिसलं की अस्वस्थ व्हायचा. तू फराळाचं ताट पुढे ओढलंस. बेसनाचे तीन लाडू एका बाजूला ठेवलेस, एक मोठा त्यांच्या शेजारी.

"अण्णा, हे तीन पस्तीसचे समजा. हा थोरला सदतीसचा. बेरीज किती?"

"एकशे बेचाळीस."

"भागिले चार?"

"साडेपस्तीस."

"आता ह्या ताटात मला साडेपस्तीसचा लाडू दाखवा."

अण्णांनी खरंच ताटात शोधलं. मग म्हणाले, "नाहीच की गं."

"नाहीच. चव एकच, नाव एकच, वजनं दोन. पुस्तकात असतो तो आकडा ताटाचा असतो. लाडवाचा नसतो."

मी बी.एस्सी.ला फर्स्ट क्लास मिळवला, कुमे, पण अणुभार म्हणजे काय हे मला त्या दिवशी तुझ्या ओसरीवर कळलं. तुला हे कधी सांगितलं नाही. कशाला सांगा, उगाच शेफारशील, असं वाटायचं.

मग मी आपल्याच कॉलेजात, अंधेरीला, डेमॉन्स्ट्रेटर झाले आणि तू एम.एस्सी.साठी सरांकडे नाव घातलंस. सरांनी विषय दिला, शिशाचा अणुभार. "ह्यात नवं काही नाही. आकडा सगळ्या जगाला माहीत आहे. पण हात तयार होईल." दुसरी कोणी असती तर कपाटातल्या बाटलीतलं शिसं घेऊन मोकळी झाली असती. तू म्हणालीस, "ते कुणीतरी आधीच शुद्ध केलेलं. मग मी काय केलं?" तुझे भाऊमामा बिहारला अभ्रकाच्या खाणीवर स्टोअरकीपर. त्यांनी कधीतरी एक काळा, जड दगड आणून दिला होता, अण्णा त्याच्याखाली कागद ठेवायचे. त्यात शिसं आहे हे तू आधीच तपासून ठेवलं होतंस. मामांना पत्र घालून आणखी दगड मागवलेस. सर म्हणाले, हरकत नाही, शिसं ते शिसं.

कामही कसलं! दगड कुटायचा, आम्लात विरघळवायचा, त्यातलं शिसं वेगळं काढायचं, त्याचं क्लोराइड करायचं, ते पुन्हा पुन्हा स्फटिक करून शुद्ध करायचं. मग मोजून चार ग्रॅम घ्यायचं, त्यात सिल्व्हर नायट्रेट घालायचं, म्हणजे त्यातला सगळा क्लोरीन चांदीला चिकटून पांढरा साका खाली बसतो. तो गाळायचा, वाळवायचा, तोलायचा. साक्यावरून क्लोरीन कळतो, क्लोरीन वजा केला की शिसं, आणि त्यावरून ऑक्सिजन सोळा धरला तर शिशाचा अणू किती. साक्याला उजेड लागला की तो जांभळा पडतो, म्हणून तू खिडक्यांना काळं कापड लावलं होतंस. एका खेपेला दोन-अडीच महिने जायचे. तीन खेपांचे आकडे जुळले पाहिजेत, ही सरांची अट.

पहिल्या खेपेला आले दोनशे सहा पूर्णांक पाच. हवे होते दोनशे सात पूर्णांक दोन. दुसऱ्या खेपेला पुन्हा साडेसहा. तिसऱ्याला पुन्हा तेच. सर चष्मा पुसत म्हणाले, "हात कच्चा आहे, कुमुद. कॅल्शियम राहतंय तुझ्या शिशात." तू खाली मान घालून ऐकलंस.

त्याच सुमाराला आपण मनोरीला गेलो होतो, तुझ्या डोक्यातून लॅब जावी म्हणून. मार्व्याच्या धक्क्यावर पलीकडे नेणारी होडी लागायची होती. तू एकदम म्हणालीस, "शाले, प्रत्येक ताटात लाडवांचं प्रमाण तेच असतं कशावरून?"

"काय?"

"समुद्रातला क्लोरीन नि खाणीतला क्लोरीन सारखाच भरतो, हे लोकांनी मोजलंय. पण सगळ्याच मूलद्रव्यांचं मोजलंय का? माझ्या दगडातल्या शिशात धाकटे लाडू जास्त असले तर?"

मी काय म्हटलं आठवतं ना? मी खो खो हसले. म्हटलं, "अगं शहाणे, आपला हात बसत नाही म्हणून आता शिशावर खापर फोड! शिसं ते शिसं. बिहारचं काय नि बोरिवलीचं काय. पुस्तकात एकच आकडा दिलाय तो काय छापणाऱ्याची हौस म्हणून?" तू म्हणालीस, "तसं नव्हे गं..." आणि मी तुला पुढे बोलूच दिलं नाही. होडी आली, आपण चढलो. पलीकडे जाऊन सुकट घेतली, शिंपले वेचले, आणि तो वाद तिथेच राहिला. कुमे, तू बरोबर त्या जागेवर पोचली होतीस गं. एक पाऊल राहिलं होतं. आणि मी हसले.

आता चौथी खेप.

तोलायची आपली रीत तुला माहीत आहे, पण हे वाचणाऱ्यांना नसेल. तराजूच्या काचेच्या कपाटासमोर एकीने बसायचं. चिमट्याने वजनं ठेवायची. काटा स्थिर झाला की वजनांच्या पेटीतली रिकामी घरं बघून आकडा मोठ्याने बोलायचा. दुसरीने तो वहीत लिहायचा. मग वजनं एकेक करून परत घरांत ठेवताना आकडा दुसऱ्यांदा बोलायचा, आणि लिहिणारीने वहीत बघून 'बरोबर' म्हणायचं. तोलणारीची नजर उत्तराकडे जाऊ नये म्हणून ही रीत. तू रविवारी सकाळी तोलायचीस, तेव्हा गाड्या कमी असतात आणि काटा कमी हलतो. बोलणारी तू, लिहिणारी मी. तू कधी वहीत डोकावून बघितलं नाहीस. कशाला बघशील? मी होते ना.

अण्णांनी दिवाळीची मुदत घातली होती. तोवर आकडा आला तर डिग्री पुरी कर, नाही तर मालाडच्या स्थळाला होकार कळवतो. त्यांचंही काही चुकत नव्हतं. तू आठ दिवस जेवली नव्हतीस धड. गालफडं बसली होती. मला बघवेना गं. मी आदल्या दिवशी घरी उलटं गणित करून आले. चार ग्रॅम क्लोराइडला साका यायला हवा चार ग्रॅम एकशे तेवीस मिलिग्राम. तू आकडा बोललीस. साका ठेवलेली मूस वजा जाता तो भरत होता चार ग्रॅम एकशे चौतीस. मी अकरा मिलिग्राम कमी लिहिले. अकरा मिलिग्राम! तांदळाचा अर्धा दाणा नाही.

मग तू वजनं परत ठेवत आकडा दुसऱ्यांदा बोललीस. मी खोट्या आकड्याकडे बघत म्हटलं, "बरोबर."

मला काही वाटलंसुद्धा नाही. कारण ऐक, हे सगळ्यात वाईट आहे: मला वाटत होतं मी खरं तेच लिहितेय. दोनशे सात पूर्णांक एकवीस हे सत्य, तुझा हात कच्चा, आणि मी तुझ्या कच्च्या हाताला जरा टेकू देतेय. पुण्य करतेय म्हण ना.

तू लॉगचं पुस्तक घेऊन गणित मांडलंस. उत्तर आलं तेव्हा तू ते वरपासून पुन्हा तपासलंस. मग म्हणालीस, "शाले, चिमटा काढ मला." मी काढला. तू माझ्या गळ्यात पडलीस, आणि तुझ्या ॲप्रनला नायट्रिकचा वास येत होता. अण्णांनी ती वही सगळ्या आळीला दाखवली. "आमच्या कुमुदने अणू तोलला," म्हणाले. मालाडच्या लोकांना थांबा म्हणून कळवलं. सर म्हणाले, "शाब्बास. आता अशाच आणखी दोन."

आणखी दोन. वाट लागली ती तिथे. तेव्हाच तुला सांगायला हवं होतं. सोमवारी सांगते म्हटलं, सोमवारी तू पेढे घेऊन आलीस. मग म्हटलं, पाचवी खेप आपोआप बसेल, मग सांगायची गरजच नाही. पाचवी आली दोनशे सहा पूर्णांक पाच.

त्यानंतर वर्षभर तू त्या एका आकड्याच्या मागे धावलीस. सहावी, सातवी, आठवी, नववी. पाणी बदललंस. गाळण बदलली. स्फटिक बारा-बारा वेळा केलेस. चौथ्या खेपेला तू कुठलं पातळ नेसली होतीस ते आठवून तेच नेसून आलीस. हातातल्या बांगड्या काढून ठेवायला लागलीस, त्यांचा कण पडत असेल म्हणून. कधी देवाला हात न जोडणारी तू, सोमवार धरायला लागलीस. आणि दर खेपेला मी समोर वही घेऊन बसलेली. पाचवीपासूनच्या त्या पाचही वेळा मी तू बोललीस तेच लिहिलं. एकदा खोटं लिहायची अक्कल झाली, दुसऱ्यांदा छाती झाली नाही, आणि खरं सांगायचीही झाली नाही. सांगितलं असतं तर नोकरी गेली असती. हो, तेही मनात होतं. आता काय लपवू?

मालाडच्या मुलाचं दुसरीकडे जमलं. तू म्हणालीस, बरं झालं. पण लॅबमध्ये बसल्या बसल्या स्वतःचे हात उलटे-सुलटे करून बघायला लागलीस. एकदा मी चिडले, "काय बघतेस सारखी? मेंदी काढलीय का?" तू म्हणालीस, "एकदा जमलं होतं ना गं ह्यांना. मग आता काय झालं?"

मला तेव्हा तोंड नव्हतं का, कुमे? दातखिळी बसली होती का माझी?

मग कावीळ. डॉक्टरांनी पहिल्या दिवशी हलकी म्हटलं, चौथ्या दिवशी हॉस्पिटलात हलवलं. मी दुपारी आले तेव्हा खाटेपाशी कोणी नव्हतं, आमच्या काकू, तुझी आई, पेज आणायला घरी गेल्या होत्या. डोळे हळदीसारखे झालेले. तू मला जवळ बोलावलंस. मला वाटलं पाणी हवंय.

"शाले, एक आठवून सांग. चौथ्या खेपेला आपण वेगळं काय केलं होतं?"

त्या खोलीत आपण दोघीच होतो. तू शुद्धीवर होतीस. तुझ्या अंगात आणखी एक खेप करायची ताकद नव्हती, हे तुलाही कळत होतं. तुला फक्त उत्तर हवं होतं. जन्मभर उत्तर आधी न बघणारी तू, एकदाच मला उत्तर विचारलंस.

मी म्हटलं, "काही नाही गं. तू आधी बरी हो, मग बघू."

तू म्हणालीस, "काहीतरी असणार." आणि डोळे मिटलेस. दुसऱ्या दिवशी पहाटेपासून तू कोणाला ओळखत नव्हतीस, आणि तिसऱ्या दिवशी गेलीस. माझ्या नरड्याला त्या दुपारी कोणी नख का लावलं नाही?

एवढ्यावर संपलं असतं तरी मी कशीबशी जगले असते. चुकलेल्या हाताला खोटा आधार दिला, म्हणत बसले असते. पण तेराव्याला भाऊमामा आले. पान वाढलेलं होतं, मी वाढत होते. अण्णांनी काहीतरी बोलायचं म्हणून खाणीचं विचारलं. मामा म्हणाले, "खाणीचा काय सांगतलंय! सरकारी माणसां इली. एक पेटी होती त्येंच्या हातात, टिक टिक टिक वाजी. कुमुदाक दगड जयसून धाडलंय ना, थयच जावन लय वाजाक लागली. सगळे काळे दगड उचलून नेल्यानी. अणुशक्ती हा म्हणे त्यात."

माझ्या हातातलं वरणाचं भांडं पडलं. सगळ्यांना वाटलं दुःखाने.

कुमे, बी.एस्सी.च्या पेपरात होता तो प्रश्न. पाच मार्कांचा. दोघींनी लिहिला होता. युरेनियम कोट्यवधी वर्षं झिजत झिजत त्याचं शिसं होतं, आणि ते शिसं नेहमीच्या शिशापेक्षा हलकं असतं, दोनशे सहाचं. हे मी तोंडपाठ लिहून पाचांपैकी पाच मार्क घेतले होते. आणि तोच दगड दोन वर्षं माझ्या नाकासमोर कुटला जात होता!

तरी मनात म्हटलं, नसेल. देवा, नसू दे. अण्णांच्या टेबलावरचा दगड मागून घेतला. फिजिक्समधून फोटोची एक प्लेट घेतली, काळ्या कागदात गुंडाळली, वर दगड ठेवला आणि कपाटात बंद केलं; युरेनियम असेल तर त्याचे किरण कागदातून आरपार जातात. आठ दिवसांनी प्लेट धुतली. दगडाचा अख्खा ठसा उमटला होता, कंगोऱ्यांसकट. मी अंधाऱ्या खोलीत प्लेट धरून खाली बसले.

म्हणजे तुझ्या ताटात धाकटे लाडू जास्त होते. तुझा हात कच्चा नव्हता. पहिल्याच खेपेला तू दोनशे सहा पूर्णांक पाच काढलंस तेव्हा तू त्या खाणीतलं, कोणी न तोललेलं शिसं तोललं होतंस. चौथ्यालाही तेच वहीत लिहिलं गेलं असतं तर सलग चार आकडे जुळले असते, सरांनाही दगडाकडे बघावं लागलं असतं, आणि तुझं नाव आज कुठे असतं! ते मी खोडलं. तुझ्यावर माया करता करता खोडलं.

सरांकडे गेले. सगळं सांगितलं. सर म्हणाले, "आता उकरून काय उपयोग? तू नोकरीला मुकशील, तिच्या आईवडिलांना नसता ताप. दोनशे सात छापून येऊ दे. सगळ्यांच्या आठवणीत ती यशस्वी राहील." ते वाईट माणूस नाहीत. दमलेत. मी म्हटलं, "सर, खोटं यश तिला चालत नव्हतं. चार मार्क कमी घ्यायची ती." सर म्हणाले, "मग आधी तिच्या वडिलांना विचार."

काल संध्याकाळी तुझ्या घरी गेले. अण्णा ओसरीवर होते. प्लेट, वही, दगड, सगळं त्यांच्यापुढे ठेवलं आणि एका दमात बोलले. लाडवांच्या भाषेत सांगितलं, म्हणून त्यांना कळलं. चौथ्या खेपेच्या पानावर बोट ठेवून म्हणाले, "हे पान मी आळीभर नाचवलं."

"हो."

"हेच तेवढं खोटं. आणि बाकीची, जी बघून ती रडायची, ती खरी."

"हो, अण्णा."

"तिला का नाही सांगितलंस?"

त्यांनी तीनदा विचारलं. मी वहीकडे बघत राहिले.

"छाप," ते म्हणाले. "तुझ्या नावानिशी छाप. आणि परत ह्या घरात येऊ नकोस."

मी उठले तर दारात काकू उभ्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, आता मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. पण त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. एवढी वर्षं पार्ल्यात राहून आमच्याशी स्वच्छ पुस्तकी बोलणाऱ्या काकू, त्यांच्या तोंडून गावची भाषा आली.

"मी म्हटलंय गो तिका. मंगळवारी, ताप येवच्या आधी. 'बाये, सोड तो नाद. तुज्या हाताक यश नाय.' माज्या तोंडान म्हटलंय. हात पदराखाली घेतल्यान नि आत गेली."

अण्णा उठले, पण त्यांच्यापर्यंत पोचायच्या आत काकू उंबऱ्यावर खाली बसल्या. मी पाय धरायला वाकले, त्यांनी पाय ओढून घेतले. "यश होता," एवढंच म्हणत राहिल्या. "यश होता माज्या पोरीक."

कुमे, त्यांनी तुला म्हटलं ते त्यांचं नव्हतं. माझं होतं. माझे अकरा मिलिग्राम तुझ्या आईच्या तोंडून तुला लागले. सर हे छापतील की फाडतील, माहीत नाही. नोकरी जाईल ती जाऊ दे. मला क्षमा करू नकोस, मी मागतही नाही. फक्त त्या दुपारी तू विचारलंस त्याचं उत्तर घे. चौथ्या खेपेला तू वेगळं काहीच केलं नव्हतंस. तेव्हाही साडेसहाच आले होते. तुझा हात नऊच्या नऊ वेळा बरोबर होता गं. नऊच्या नऊ. ऐकलंस का?